चोवीसचे बारा-बारा

आमच्या तळवड्याच्या युनिटमध्ये प्रॉडक्टपेक्षा किस्से लवकर तयार होतात. टेस्टिंगही लागत नाही, थेट डिस्पॅच! हे सगळे एकाच कार्डाचे, म्हणजे मी बनवलेल्या एका सर्किट बोर्डाचे.

चाकणच्या एका कंपनीला प्रेस मशीनचा दाब मोजायचा होता. मशीनवर सप्लाय एकच, चोवीस व्होल्टचा. माझ्या सर्किटला हवे शून्याच्या वर बारा आणि शून्याच्या खाली बारा. आमचे मालक सावंतसाहेब म्हणाले, "चोवीस भागिले दोन! यात डिझाइन कसलं?"

*

त्यांच्या समाधानासाठी दोन सारखे रेझिस्टर लावून मधोमध शून्य काढला. टेबलावर एकदम बरोबर! सर्किट जोडलं आणि शून्य भलतीकडेच सरकला. लोड आला की तो सरकणारच, हे साहेबांना नीट समजावलं.

"मग धरून ठेव ना त्याला!"

*

धरून ठेवणारी चिप बसवली, चाकणला गेलो. तिथले इलेक्ट्रिशियन शंकरभाऊ, मूळचे खेड्यातले. मी चहाला वळलो तेवढ्यात त्यांनी माझी शून्याची वायर मशीनच्या बॉडीला आवळली. बॉडीला चोवीसचा मायनस आधीच जोडलेला. अर्धा सप्लाय शॉर्ट, चिपमधून धूर!

"भाऊ, हे काय केलंत?"

"जीरो म्हंजे अर्थिंगच की! व्हय का न्हाई?"

"न्हाई!" मी ओरडलोच.

"मग वायरीवर लिवायचं ना, राव!"

*

चऱ्होलीला घरी पोचलो. बायकोने विचारलं, "आज काय केलंस?"

"मायनस बारा तयार करत होतो."

"म्हणजे होते तेही घालवलेस?"

मी जेवायला बसलो.

*

शेवटी चोवीसपासून पूर्ण वेगळा, स्वतःचा शून्य असलेला कन्व्हर्टर बसवला. शंकरभाऊंनी वायर कुठेही आवळली तरी फरक पडू नये! आता शून्य जागचा हलेना. अप्रूव्हलला सावंतसाहेब स्वतः आले, कारण या वेळी फेल झालो तर ऑर्डर रद्द होणार होती.

कंपनीचे मॅनेजर मीटर घेऊन पुढे झाले. मी शून्याची वायर दाखवेपर्यंत त्यांनी लाल टोक कार्डाच्या प्लस बाराला, काळं टोक मायनस बाराला लावलंसुद्धा. मीटरवर चोवीस!

त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आम्ही चोवीस दिले, बाहेर चोवीसच आले. मग इतके दिवस तुम्ही केलं काय?"

मी तोंड उघडणार, तोच सावंतसाहेब छाती पुढे काढून म्हणाले, "बघा सर! एक व्होल्ट वाया जाऊ दिला नाही!"

"व्वा!" मॅनेजर म्हणाले. "पास!"