उतारूला विचारायचं नाही

बाबा बुकित बातोकला आमच्याकडे राहायला आले आणि घरात कुणालाच स्वस्थ बसता येईना. आई गेल्यावर पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटे पडले होते, म्हणून मी आग्रह करकरून त्यांना सिंगापूरला आणलं. इथे आम्ही दोघीच, मी आणि माझी लेक. लेकीची खोली बाबांना दिली, लेक माझ्या खोलीत आली आणि आठवड्याभरात माझ्या ऑफिसकामाच्या टेबलावर तिच्या वह्या, चार्जर, केसांच्या पिना यांचं राज्य झालं. बाबा मात्र त्या खोलीत जेमतेम टेकायचे. सकाळी उठले की चादर ताणून घालायची, उशी मधोमध ठेवायची, बॅगेची चेन लावून ती भिंतीशी उभी करायची. कपाट त्यांच्यासाठी रिकामं करून दिलं होतं, त्यात त्यांनी एक सदरासुद्धा लावला नाही. मग हॉलमध्ये येरझाऱ्या सुरू. खिडकीशी जायचं, खाली बघायचं, परत यायचं. मी घरून मीटिंगला बसलेली असले की लॅपटॉपमागून बाबा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"बाबा, बसा ना जरा."

"बसलोच होतो की आत्ता."

त्यांच्या त्या चालण्यानं माझाही जीव टांगणीला लागायचा. मला एकच गोष्ट हवी होती, बाबांनी इथेच राहावं. त्यांच्या इथे राहायच्या पासची मुदत संपत आली होती. वाढवून घ्यायची तर आधी त्यांनी 'राहतो' म्हणायला हवं. ते म्हणत नव्हते आणि मी विचारत नव्हते. न विचारण्याचं कारण आमचं घराणं. घराणं म्हणजे काही सरदार-बिरदार नव्हे, आमचं हॉटेल होतं.

माझ्या आजोबांचं हॉटेल घाटाच्या पायथ्याशी, एका जंक्शनासमोर होतं. इंग्रजांच्या अमदानीत घाट चढण्याआधी गाड्या तिथे बराच वेळ थांबायच्या, मागून जादा इंजिन लागायचं. दुसऱ्या फाट्याची गाडी धरायची असेल त्याला बरेचदा मुक्कामच करावा लागे. साहेबलोकांसाठी स्टेशनातच काट्याचमच्यांची सोय होती. आपली माणसं बाहेर पडत आणि आमच्याकडे येत. खाली चहाफराळ, मागे जेवणाच्या पंगती, वर खोल्या. मी पाहिलं तेव्हा त्या हॉटेलाला शेवटची घरघर लागली होती. गाड्या धडाधड निघून जायच्या, उतरायला कुणाला कारणच उरलं नव्हतं. बाबांचा जन्मही इंग्रज निघता निघताचा. म्हणजे मला त्या काळातलं जे काही ठाऊक आहे ते आजोबांनी बाबांना सांगितलेलं आणि बाबांनी मला. त्यात थोडं तिखटमीठ असणार, असू दे.

बाकीच्या हॉटेलांची माणसं फलाटावर गाडी शिरली की गलका करायची, गरम जेवण, हवेशीर खोली, चला चला. आजोबांना असं ओरडणं आवडत नसे. ते स्वतः, मालक असून, कोट-टोपी घालून तिसऱ्या वर्गाच्या डब्यांसमोर उभे राहत. उतरणाऱ्यांतला सगळ्यात दमलेला माणूस हेरायचा, एक अक्षर न बोलता त्याच्या सामानातली सगळ्यात लहान वस्तू उचलायची आणि पुढे चालू लागायचं, अशी त्यांची रीत. ट्रंक हमालानं घ्यावी, वळकटी ज्याची त्यानं. फिरकीचा तांब्या, छत्री, फराळाचा डबा हे मालकाच्या हातात. "लहान वस्तू नेली की माणूस घाबरत नाही, पण मागे येतो," हे बाबा अजूनही असं सांगतात, जणू काल त्यांनीच कुणाचा तांब्या आणलाय. हॉटेलात आल्यावर हातपाय धुवायला कढत पाणी, मग चहा, मग नावगाव. 'गिऱ्हाईक' हा शब्द उच्चारायचा नाही, 'उतारू' म्हणायचं. आणि उतारूला एक प्रश्न कधीही विचारायचा नाही, तुम्ही जाणार कधी. कुणी कोर्टकज्ज्यासाठी निघालेला असेल, कुणाची गाडी चुकलेली असेल, कुणी घरात भांडून आलेला असेल. त्याचं त्याला जायचं तेव्हा जाईल. आणि निघाला की अडवायचंही नाही.

हॉटेल बंद झालं, पण हा नियम सामानासोबत आमच्या पुण्याच्या घरी आला. आलेल्या पाहुण्याला मी चुकून 'किती दिवस आहात?' विचारलं की आई असे काही डोळे वटारायची की पुढचा घास घशातच अडकायचा.

त्यामुळे बाबांचं सगळं मी साग्रसंगीत करत होते. पहिलं ताट त्यांना. पंख्याखालची खुर्ची त्यांना. टीव्हीचा रिमोट त्यांच्या उजव्या हाताशी. आम्ही दोघी हळू आवाजात बोलायचो. एकदा लेकीनं जेवताना 'आजोबा, यू गोइंग बॅक व्हेन?' असं सुरू केलं, तर मी टेबलाखालून तिला असा चिमटा काढला की ती कळवळलीच. नंतर खोलीत ती इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत माझ्यावर डाफरली, "मम्मी, जस्ट आस्क हिम लाह! व्हाय सो ड्रामा?" तिला काय सांगणार! मला तर भीती वाटत होती. विचारलं आणि ते 'पुढच्या आठवड्यात' म्हणाले तर? अडवायची सोयच नाही.

एका रविवारी त्यांना जुनं रेल्वे स्टेशन दाखवायला नेलं. पूर्वी मलायाकडे जाणारी गाडी आमच्या या भागातून जायची. आता बहुतेक रूळ काढून तिथे चालायची वाट केली आहे, एक चिमुकलं स्टेशन आणि लोखंडी पूल तेवढे जपून ठेवलेत. लोक रुळांवर उभे राहून फोटो काढत होते. बाबा फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि एका खांबाला पाठ लावून थांबले.

"मालक इथे उभा राहणार," ते म्हणाले. "ऊन पाठीला, डबे समोर. चेहरे नीट दिसतात."

लेकीला कौतुक वाटलं. मग त्यांनी तिला विचारलं की आता इथे उतरणाऱ्या प्रवाशांना हॉटेल कसं सापडतं. तिनं फोनवर सगळं दाखवलं, खोली निवडा, पैसे भरा, दरवाजाचा कोड येतो.

"आणि घ्यायला कोण येतं?"

"नोबडी, आजोबा. सेल्फ चेक-इन."

"कुणीच नाही?"

"नो नीड लाह."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ही पद्धत काढली आहे. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर जायला लागले. पाय मोकळे करायला जातात, असं मी समजत होते. खरं तर मला बरंच वाटलं, म्हटलं, रमताहेत. घरातल्या येरझाऱ्याही कमी झाल्या होत्या. एकदा मी बाजारातून येताना लांबून पाहिलं, तर सदरा खोचून, केस विंचरून गेटच्या बाहेर उभे, चोआ चू कांगकडून आलेल्या गाडीतली माणसं बाहेर पडत होती आणि हे एकेकाचा चेहरा न्याहाळत होते.  मी मात्र गुपचूप दुसऱ्या बाजूनं घरी गेले.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी तोआ पायोहच्या ऑफिसात मला फोन आला. तुमचे वडील बुकित बातोक स्टेशनवर आहेत, कृपया लवकर या. मी काय झालं हेसुद्धा धड विचारलं नाही, टॅक्सी धरली. वाटेत सगळं मनात येऊन गेलं, पडले, चक्कर आली, हृदय. सिग्नलला टॅक्सी थांबली की मी पाय आपटत होते. चालक आरशातून बघत होता.

स्टेशनच्या काउंटरपाशी बाबा धडधाकट उभे होते, हात मागे बांधून, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. बाजूला बाकावर साठीतल्या एक चिनी बाई, दोन मोठ्या बॅगा, त्यांना विमानतळाची लेबलं अजून तशीच, आणि मांडीवर घट्ट धरलेली कागदी पिशवी. मला सगळं कळलं. तिथल्या कर्मचाऱ्यानं सांगायच्या आधीच कळलं. बाई दमून गाडीतून उतरल्या होत्या. बाबांनी त्यांना हेरलं, बॅगेवर ठेवलेली ती पिशवी उचलली आणि काही न बोलता चालू लागले. बाई किंचाळल्या. दोघा-तिघांनी बाबांना घेरलं. तरी म्हणे हे हसून 'आइए, आइए' म्हणत होते.

मी बाईंसमोर हात जोडून उभी राहिले आणि हॉटेल, आजोबा, फलाट, सगळं तुटक इंग्रजीत ओतलं. इंग्रजी माझं रोजचं, पण त्या वेळी तेही पळालं. बाई आधी संशयानं ऐकत होत्या, मग त्यांचा चेहरा निवळला.

"आय्या! अंकल वॉन्ट टू हेल्प, मस्ट से लाह! आय थॉट रॉबर!" त्या हसल्या, बाबांच्या दंडावर थोपटलं. कर्मचारीही हसला. प्रकरण तिथेच मिटलं. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि तेवढ्यात बाबा मला मराठीत म्हणाले, "त्यांना न्यायला कुणी आलंय का, विचार."

मी विचारलं नाही. त्यांचा हात धरून निघाले.  घरात पाऊल टाकलं आणि माझा तोल गेला.

"बाबा, तुम्हाला कळतंय का काही? हा परका देश आहे! त्या बाईनं तक्रार दिली असती तर? तुमचा पास, माझा पास, हिची शाळा, सगळं पणाला लागलं असतं! तुम्ही परत कधी जाणार आहात?"

बोलून गेले. लेक सोफ्यावरून ताडकन उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. मला वाटलं, आता ते खोलीत जाऊन ती भिंतीशी उभी असलेली बॅग घेऊन येणार.

बाबा खुर्चीत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

"विचारलंस एकदाची," ते म्हणाले.

"चुकलं माझं, बाबा. तोंडातून..."

"अगं, चुकलं काय? उतारूला विचारत नाहीत. घरच्याला विचारतात. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला की माझी आई विचारायची, कुठे निघालास, कधी येणार. आत्या माहेरपणाला आली की चहा व्हायच्या आत माझे वडील विचारायचे, किती दिवस आहेस? ती काहीही म्हणाली तरी म्हणायचे, एवढेच? आणि भांडायचे तिच्याशी. तू मला आल्यापासून एकदा तरी विचारलंस? पहिलं ताट मला, चांगली खोली मला, घरात सगळे कुजबुजत बोलणार. मी म्हटलं, पोरीनं मला उतारू करून ठेवलाय. मग उतारूनं कपाट कशाला लावायचं? आणि नुसतं उतारू होऊन बसवेना, म्हणून गेलो फलाटावर."

मला हुंदका आवरेना. ज्या नियमाला मी इतकी जपत होते त्यानंच त्यांना माझ्या घरात परकं केलं होतं, आणि मी त्याला प्रेम समजत होते. मी त्यांच्या गुडघ्याशी बसले.

"मग सांगा ना, कधी जाणार?"

"तिकडे दिवाळीपर्यंत जावं म्हणत होतो."

"नाही जायचं," मी म्हणाले. "मी जाऊ देणार नाही तुम्हाला. मला तुम्ही इथे हवे आहात."

आमच्या घराण्यात जाणाऱ्याला असं कुणी कधी अडवलं नसेल.   बाबा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथून त्यांचा आवाज आला, हॉटेलाच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांपर्यंत पोचायला हवा असा खणखणीत, मी लहानपणानंतर कधी न ऐकलेला.

"हा नळ असा ठिबकत कुणी ठेवलाय? दोघींनाही जरा म्हणून शिस्त नाही! आणि उद्या त्या पासचं बघ, टाळाटाळ नको!"

"सॉरी, आजोबा!" लेक ओरडली, आणि हसायला लागली.

आई गेल्यापासून माझ्यावर घरात असं कुणी रागावलं नव्हतं. मी डोळे पुसत उठले आणि नळ घट्ट बंद करायला गेले.