आप्पांनी फेकलेली ट्यूब

मागच्या महिन्यात मंगळवारी सकाळी बाथरूमची डस्टबिन रिकामी करायला गेले, तर आत टूथपेस्टची ट्यूब दिसली... आणि मी हातातलं काम सोडून ती बाहेर काढली.

हसू नका. आमच्या घरात ट्यूब अशी फेकली जात नाही. माझे सासरे, आप्पा, ती आधी शेवटपर्यंत दाबतात, मग कात्रीने मधोमध कापतात आणि आतून ब्रश फिरवून आणखी चार दिवस काढतात. ही कापलेली नव्हती. तळाशी चांगली जाडही होती.

आप्पा मनमाडहून नाशिकला आले तेव्हा सातपूरला दुसऱ्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर लोखंड कापणारे टर्नर होते. आज त्यांच्या स्वतःच्या कारखान्याची दोन युनिट्स आहेत, गंगापूर रोडला बंगला आहे. पण सवयी त्याच. लग्नपत्रिकांची पाकिटं उलटी करून त्यावर बनवायच्या पार्टचं ड्रॉइंग काढणार, पार्सलची सुतळी गाठ सोडवून गुंडाळून ठेवणार, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणार.

लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याचा भारी वैताग यायचा. एकदा तर तोंडावर म्हणाले होते, "आप्पा, त्या ट्यूबपायी कात्री झिजेल हो." ते नुसते हसले होते.

तर त्या मंगळवारच्या आधी पंधरा दिवस आप्पा बदलत चालले होते. खोलीतला पंखा दिवसभर चालू. पाकिटं तशीच रद्दीत, सुतळी कचऱ्यात.

आणि आम्हाला काय वाटावं? आनंद झाला! मंदार, माझा नवरा, म्हणाला, "सुधारले एकदाचे." मी तर माहेरी फोन करून ही बातमी सांगितली... आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पण त्या दिवशी ट्यूब हातात घेऊन उभी राहिले आणि काहीतरी खटकलं. आमच्यापासून एखादा आजार लपवतायत का? जगण्यातलाच रस गेला का? मी मुळातच भित्री, माझं मन आधी वाईटाकडेच धावतं.

बाहेर आले तर आप्पा व्हरांड्यात चहा घेत होते. डाव्या हाताने. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलेला होता.

गाठ सोडवायला बोटं लागतात. पाकीट नीट उलटं करायला, ट्यूब दाबायला, कात्री धरायला... सगळ्याला बोटं लागतात. आप्पा उधळे झाले नव्हते. त्यांना जमत नव्हतं.

मी शेजारी बसले आणि म्हणाले, "आप्पा, माझा हात दाबा बघू जोरात." त्यांनी माझा हात धरला. मी वाट बघत राहिले.

"दाबतोय की," ते म्हणाले.

मला काहीच जाणवत नव्हतं. ज्या हाताने या माणसाने चाळीस वर्षं लोखंड कापलं, तो हात माझ्या हातात नुसता ठेवलेला होता.

डॉक्टरांकडे चला म्हटलं तर साफ नकार. म्हणे वयाने होतं असं, ते लोक उगाच दहा टेस्ट करायला लावतात, चांगल्या पैशांची माती. रडावं की ओरडावं ते कळेना. मग मला सुचलं. म्हटलं, "आप्पा, तुमच्या पॉलिसीत वर्षाला एक चेकअप फुकट असतो. आज शेवटचा दिवस, नाही गेलो तर वाया जाईल."

धादांत खोटं होतं. आप्पा उठून चपला शोधायला लागले.

मंदारला युनिटवर फोन केला, थेट हॉस्पिटलला यायला सांगितलं आणि गाडी काढली. सिग्नलला थांबलं की आप्पा नेहमी म्हणतात, "गाडी बंद कर, पेट्रोल जळतंय." इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. त्या दिवशी तीन सिग्नल लागले... आणि ते काहीच बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत होते.

स्कॅन झाला. डोक्यात रक्त साचून मेंदूवर दाब आला होता. मागे कधीतरी युनिटचं अर्धवट उघडलेलं शटर डोक्याला लागलं होतं म्हणे. घरी कुणाला न सांगता त्यावर हळद दाबली होती. बोटांतली ताकद त्यानेच गेली होती आणि पंखा बंद करायचं विसरणंही त्यातलंच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करू, आणखी थांबलो असतो तर शुद्धच हरपली असती.

ऑपरेशन थिएटरबाहेर मंदार आणि मी बाकावर बसून होतो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, पंधरा दिवस हा माणूस आमच्या डोळ्यांसमोर हरत होता आणि आम्ही 'सुधारले' म्हणत हसत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना रूममध्ये आणलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर दिव्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "दिवसाउजेडी लाइट कशाला लावलाय?"

मी उठून लाइट बंद केला आणि खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

आप्पा घरी येऊन आता दहा दिवस झाले. रोज बोटांचा व्यायाम चालू आहे. त्यांच्या काटकसरीने त्यांना डॉक्टरपासून लांब ठेवलं याचा राग आहेच माझा, आणि तो मी बोलूनही दाखवला. पण ती काटकसर नसती, तर मला कळलं तरी कसं असतं?

ती ट्यूब मी डस्टबिनमधून काढून धुऊन बेसिनवर ठेवली होती. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सकाळी बघते तर ती मधोमध कापलेली होती. कड पार वाकडीतिकडी, दोन-तीनदा कात्री घसरल्यासारखी... पण कापलेली होती.

मी माझी नवी ट्यूब बाजूला ठेवली आणि त्या कापलेल्या ट्यूबमधलीच थोडी पेस्ट ब्रशवर घेतली.