ठोके कमी झालेच नव्हते

पहिल्या वेळी कळा सुरू होऊन सहा तास झाले असतील. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाचे ठोके कमी होताहेत, सिझर करावं लागेल." मी घाबरून सही केली. टाके घालताना बाई सिस्टरला आपल्या विमानाची वेळ विचारत होत्या, तेव्हाही मला संशय आला नाही. पुढची तीन वर्षं मात्र मुलगी झोपली, की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे.

दुसऱ्या वेळी कोथरूडच्या डॉक्टरांनी जुनी फाइल पाहिली आणि विचारलं, "ठोके तर व्यवस्थित दिसताहेत. सिझर कशासाठी केलं?"

त्याच संध्याकाळी मी सदाशिव पेठेत गेले. बाहेर पाच-सहा गरोदर बायका बसल्या होत्या. बाई दारात येताच मी फाइल उघडली. "यात ठोके कुठे कमी झालेत, दाखवता का?"

"आत या, शांतपणे बोलू."

"इथेच बोलू. ह्यांनाही कळू दे."

त्यांचा चेहरा उतरला. "थांबले असते आणि काही झालं असतं, तर तुम्हीच माझ्यावर केस केली असती."

"मग तसं सांगायचं होतंत. विमानाचंही सांगायचं होतंत."

दोघी बायका उठून आपल्या फाइली मागू लागल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते निवांत पाहून घेतलं आणि मगच जिना उतरले.

दुसरं बाळंतपणही सिझरनेच झालं. या वेळी ते मी स्वतः मागितलं, कारण कळा सुरू असताना कुठल्याही डॉक्टरच्या शब्दावर विसंबायची माझी तयारी नव्हती.