सतरा वर्षांची भाडेकरू

२००४ साली शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या घराचं बेसमेंट भाड्यानं द्यायचं आम्ही ठरवलं. चौकशीला पहिली आली ती एक अमेरिकन मुलगी. पाठीवर शाळेची बॅग, डोक्यावर लोकरीची टोपी. आई-वडील गाडी पार्क करत असतील म्हणून मी तिच्या मागे पाहिलं.

"मी एकटीच आहे," ती म्हणाली. "वय सतरा. पण कोर्टानं मला सज्ञान ठरवलंय. भाड्यानं जागा घ्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही."

तिच्या आईनं दुसरं लग्न केलं होतं आणि ती अ‍ॅरिझोनाला गेली होती. मुलीचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष होतं, तिला शाळा सोडायची नव्हती. मग आईच्याच संमतीनं ती न्यायाधीशांसमोर उभी राहिली, बेकरीतल्या पार्टटाइम नोकरीबद्दल सांगितलं आणि स्वतःची पालक स्वतःच झाली.

नवरा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "अगं, सतराव्या वर्षी मला आई डबा भरून द्यायची!"

"तुला पंचविसाव्या वर्षीही द्यायची," मी म्हणाले.

मुलगी राहायला आली. महिन्याभरात मला काकू म्हणायला लागली. शाळेतल्या पालकसभेला तीच जायची. एकदा परत येऊन जिन्यातूनच ओरडली, "काकू, गणिताचे सर म्हणाले, तुमची मुलगी वर्गात फार बोलते! मी म्हटलं, घरी गेल्यावर बघते तिच्याकडे."

जानेवारीत तिला सणकून ताप भरला. मी मुगाची खिचडी घेऊन खाली गेले, तर ती शाळेशी फोनवर बोलत होती. "ती आज येणार नाही... हो, पालकच बोलतेय... हो, आजारीही मीच आहे."

फोन ठेवून ती हसली. मग पांघरूण ओढून हळूच म्हणाली, "आजारी असलं की हे जरा बोअर होतं."

ती खाऊन झोपेपर्यंत मी तिथेच बसले. मनातल्या मनात तिच्या आईला मात्र खूप बोलले. कसली ही बाई! पोरीला अशी सोडून जाते!

शाळेच्या ग्रॅज्युएशनला ती बाई आली. मी चेहरा कठोर करूनच हात पुढे केला. माझ्याहूनही बुटकी, उन्हानं रापलेली, जरा बुजरीच. तिनं हात न मिळवता सरळ मिठीच मारली.

"खिचडीवाल्या काकू ना तुम्ही? रोज ऐकते तुमच्याबद्दल."

"रोज?"

"रोज सकाळी फोन करून मीच तर उठवते हिला. कोर्टानं सज्ञान ठरवलं खरं, पण ही काही अलार्मनं उठत नाही."

मला इतकं हसू आलं की माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या रात्री बेसमेंटमध्ये सगळे एकत्र जेवलो. तिच्या आईनं खिचडी दोनदा घेतली आणि लोणच्याची बरणी स्वतःपुढे ओढून घेतली.

ऑगस्टमध्ये मुलगी नर्सिंगच्या कॉलेजला निघाली. किल्ली माझ्या हातात ठेवून तिनं विचारलं, "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला खोली रिकामी असेल?"

पुढची भाडेकरू आम्ही डिसेंबरपासून ठेवली.