वन्संचा खुलासा

आमच्या वन्संएवढं सरळ माणूस साऱ्या माण तालुक्यात सापडणार नाही, आणि एवढं पिडणारंही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. दहिवडीकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होत्या. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास तिथंच बसवायचं, हा नियम त्या सरपंचांच्या नातवालाही लावत. सरपंच उठले, की या दारात आडव्या. रहिमतपूरला आमच्याकडे आल्या तरी तेच. पानावर बसलेल्या पाहुण्यांचे हात बघत आणि मनासारखे नसले तर पुन्हा धुवायला पाठवत. माझ्या सासऱ्यांनी एकदा वैतागून विचारलं होतं, ही पोरगी आपली की सरकारची?

माझ्या मुलाचा साखरपुडा शनिवारी होता. कार्य उरकताच वन्सं निघाल्या, कारण रविवारी लशीच्या फ्रिजचं तापमान बघून वहीत लिहायची पाळी त्यांची होती. मीच त्यांची पिशवी लपवली. एक दिवस नाही बघितलं तर काय बिघडतंय, म्हणून हट्टानं ठेवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं.

सोमवारी त्या केंद्रात पोचल्या, तर शनिवारी गेलेली वीज अजून आलेली नव्हती आणि फ्रिजमधला पारा बराच वर चढला होता. शिपाई म्हणाला, "बाई, रविवारचा आकडा टाका लिवून. कोन बघतंय?" वन्संनी सगळी लस बाद केली.

दुसऱ्या दिवशी लसीकरण. वाड्यावस्त्यांवरनं बाया उन्हातान्हात लेकरं घेऊन आल्या. वरूनच लस आली नाही असं सांगा, असं कुणीतरी सुचवलं. वन्सं पायरीवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लस माझ्या चुकीनं खराब झालीया. मी नव्हते हितं." जुळी घेऊन चालत आलेली एक बाई त्यांना नाही नाही ते बोलली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या वस्तीचं नाव लिहून घेतलं.

मग नोटीस आली. खुलाशात विजेला त्यांनी एकच ओळ दिली. बाकी सगळं, आपण न सांगता गैरहजर होतो, याबद्दल. माझं नाव नाही, साखरपुडा नाही. हातातोंडाशी आलेली बढती गेली. नवी लस आली तेव्हा पेटी खांद्याला लावून त्या वस्तीवस्तीवर हिंडल्या. आधी त्या जुळ्यांकडे. बाईनं पाणीसुद्धा विचारलं नाही. या मात्र अर्धा तास तिच्या अंगणात बसून राहिल्या.

मला हे कळलं ते मुलाच्या लग्नात, त्या शिपायाकडून. मी दहिवडीला गेले ती रडतच. म्हटलं, वीज गेली एवढंच लिहायचं होतं, ते काय खोटं होतं? वन्सं शेंगा निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लाईट गेलीच हुती, वैनी. पण मी असते तर लस दुसऱ्या केंद्रात हलवली असती. ऱ्हायचं मी ठरवलं. तुमी नुसतं म्हनला."

त्यानंतर मी त्यांना कधी राहा म्हटलं नाही. त्या येत, जेवत आणि शेवटची एसटी गाठत. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. दिवाळीत आल्या तेव्हा मी भीतभीतच विचारलं.

"ऱ्हाते की," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेले तरी उठल्या नव्हत्या. शिट्टीनं त्यांची झोप मोडेल, म्हणून मी कुकर लावायची थांबले.