सोजराबाईंच्या यादीतली शेवटची पोर

सुलतानपूरच्या सोजराबाईंनी अठरा वर्षांत यादीतलं एकही लेकरू हरवू दिलं नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे. असावाच!

मुलांची तब्येत आणि घरचं सुखदुःख यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करायला शहरातून डॉक्टर मंडळी आली होती. गावात जन्मलेली एकशे चाळीस बाळं त्यांनी यादीत घेतली. सहा महिन्यांनी मोजायला आले, तर निम्मे पाळणे रिकामे! पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि मग लेक बाळासकट सासरी जाते, हे एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. अभ्यास गुंडाळायची भाषा सुरू झाली. तेव्हा नुसता वजनकाटा उचलायला ठेवलेल्या सोजराबाई म्हणाल्या, "लेकरं कुठी गेली ते त्याह्यच्या आज्याह्यले इचारा ना!"

मग त्यांनीच घरोघरी चहा पीत सासरची गावं काढली. दर सहा वर्षांनी एसटीनं तिथं जाऊन वजन, उंची, कोण काय जेवलं, कोण कुणावर रुसलं, सगळं वहीत आणलं.

यंदा शेवटची फेरी. सगळे सापडले, फक्त छकुली नाही. जन्मली तेव्हा जेमतेम पावणेदोन किलो, ओंजळीत मावेल एवढी. आता आजी वारलेली, बापानं गाव बदललेलं, फोन बंद. यादी शनिवारी मिटणार होती.

"मावशी, राहू द्या," डॉक्टर प्रसेनजित म्हणाले. "हरवली असं लिहू."

सोजराबाईंचं डोकंच फिरलं. "हरवली काऊन? लेकरू हाय का छत्री?"

आजीच्या शेजारणीकडून कळलं, पोर नांदुऱ्याला मामाकडे शिकते. शुक्रवारी सोजराबाई उंचीची पट्टी खांद्यावर टाकून निघाल्या. विचारत विचारत तिसऱ्या दारावर थाप मारली, तर समोर ही उंच पोरगी!

"मावशी, तुमी? मले वाटलं, आमचं नाव कटलं असंन."

"माह्या वहीतून कोणाचं नाव कटत नाही. आता अठराची झाली तू, सही तुलेच करा लागते. मोजू देतं का?"

"हाव!"

सही करून छकुली भिंतीला टेकून ताठ उभी राहिली. सोजराबाईंनी हात वर केला, टाचा उचलल्या, तरी तिच्या डोक्यावरचा आकडा दिसेना. शेवटी पोरीनंच स्टूल आणून दिलं. सोजराबाई त्यावर चढल्या, पदरानं डोळे पुसले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आकडा वाचला, "एकशे पासष्ट!"