पिक्चरचा कौल

गुरवमामांनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता, आणि तरी येणारा सिनेमा बघण्याजोगा आहे की नाही हे पौडच्या आसपास त्यांच्याइतकं अचूक सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. मी तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. सुगी आटोपली की माळावर टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. बैलगाडीच्या दोन्ही अंगांना रंगवलेले फळे बांधून हलगी वाजवत जाहिरात फिरायची. फळ्यावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं असे, 'येत आहे!' गाडी पुढे गेली की गाव देवळाच्या वाटेला लागे. "मामा, इचारा की जरा नाथाला, ह्यो पिक्चर बरा हाय का?"

मामा नाकारत नसत. अंगावर पाणी घ्यायचे, कण्हेरीच्या दोन कळ्या ओल्या करून भैरवनाथाच्या छातीवर लावायचे, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि बाजूला होऊन गप्प उभे राहायचे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, हरवलेली जनावरं यांसाठी लावायचा कौल सिनेमाला लावायचा म्हणजे अतिच झालं, असं मला वाटे. पण घोटावड्याहून बैल जुंपून, पोरंबाळं गाडीत घालून यायचं आणि पडद्यावर तीन तास नुसती रडारड बघून परत जायचं, हे ज्यांच्या वाट्याला आलं होतं त्यांना त्यात अतिरेक वाटत नव्हता. रानातून मेंढरं सोडून येणारे धनगर तर उजवा कौल ऐकल्याशिवाय जागचे हलत नसत.

मामांचा स्वतःचा सिनेमावर काडीचा विश्वास नव्हता. एकदा फळ्यावर जबडा उघडलेला वाघ रंगवून आला. गाव वेडंपिसं झालं. मामा फळ्याकडे बघून म्हणाले, "फळ्यावर वाघ हाय म्हंजे आत वाघ हाय असं कुटं हाय? माज्या दारावर बी मोर काडलाय, त्यो काय नाचतोय व्हय?" कळी डावी पडली. तरी पुष्कळ जण गेले. आत वाघ होता, पण मेलेला, राजाच्या पायाखाली अंथरलेला. पुढे महिनाभर मामा भेटेल त्याला विचारत होते, "चावला का?"

मी पुण्याची, शास्त्र शिकून आलेली. मी त्यांना समजावून सांगे की ओली कळी वाळली की गळते, जी आधी वाळेल ती आधी पडेल, यात देवाचं काय? मामा शांतपणे ऐकून घेत. मग म्हणत, "खरं हाय बाई. पर आदी कंची वाळायची ते कोन ठरवतंय?" मला राग येई. मग मी त्यांच्या खोकल्याचं औषध मुद्दाम कडू देत असे.

एका वर्षी मात्र दोन्ही कळ्या पडल्याच नाहीत. देवळात मी स्वतः जाऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या वाळून काळ्या झाल्या होत्या, तरी दगडाला चिकटून होत्या. मामांचा चेहरा उतरला होता. "ह्यो पिक्चर हाय बी न्हाई आन न्हाई बी न्हाई," एवढंच म्हणाले. त्या सिनेमाच्या रिळांचे डबे पुण्याहून सर्व्हिस मोटारीच्या टपावर निघाले होते. बावधनला गाडी चहाला थांबली तेव्हा ड्रायव्हरनं दोऱ्या तपासल्या, डबे होते. पिरंगुटला टपावर नुसत्या दोऱ्या होत्या, गाठी न सुटलेल्या. मधे गाडी कुठे थांबली नव्हती. ते डबे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर मी कळ्या वाळण्याचं शास्त्र सांगणं जरा कमी केलं.

मामा मूळचे पौडचे नव्हेत. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं. देव उचलून इकडे आणला, देवाबरोबर गुरव आला. वैशाखात पाणी उतरलं की त्या जुन्या देवळाचं शिखर चिखलातून वर येई, आणि कोरड्या वर्षी सबंध देऊळच उघडं पडे. मामा तिकडे कधी फिरकत नसत. "देव आमी आनला. मोकळ्या देवळात आता कोन ऱ्हातंय, आपल्याला काय ठावं?" असं ते अगदी साध्या आवाजात सांगत, शेजारी कोण राहायला आलंय हे सांगावं तसं.

अशाच एका कोरड्या वैशाखात मुंबईची एक सिनेमा कंपनी त्या देवळापाशी उतरली. त्यांना जत्रेचा देखावा घ्यायचा होता. देऊळ आयतं मिळालं होतं, माणसं हवी होती. अख्खं पौड नटूनथटून निघालं. मामांनी साफ नकार दिला. "जत्रा नसताना जत्रा? रिकाम्या देवळाम्होरं? ज्यास्नी बोलवत न्हाई ते बी जत्रेला येत्यात, बाई." मामी मात्र थांबायला तयार नव्हत्या. मामी म्हणजे हसण्याचा कारखाना. तंबूतला एक खेळ त्या चुकवत नसत, डावा कौल असला तरी. त्या सकाळी हिरवं लुगडं नेसून, अबोलीची वेणी माळून त्या निघाल्या तेव्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मामी उंबऱ्यातून म्हणाल्या, "एकदा बगा तरी कशी दिसतीय." मामांनी तोंड फिरवलं.

मामी त्या रागात जत्रा झाल्यावर घरी आल्याच नाहीत. तिथूनच होडीत बसून पलीकडच्या काठाला माहेरी गेल्या. चौथ्या दिवशी गोवऱ्या काढताना त्यांना पान लागलं, साप चावला. निरोप मिळाल्यावर मामा पाण्याला वळसा घालून धावत गेले. पोचले तेव्हा चिता अर्धी जळून झाली होती. घरात मामींचा फोटो नव्हता. फोटोनं आयुष्य कमी होतं असं मामाच म्हणत आले होते.

माणसाचं शेवटचं तोंड बघायला मिळावं यासाठी आपल्याकडे जाळायला नेलेलं मढंसुद्धा थांबवून धरतात. मामांना ते मिळालं नाही, आणि जे मिळत होतं ते त्यांनी तोंड फिरवून घालवलं. ते रडले नाहीत. तेराव्यानंतर दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, त्यो पिक्चर कदी येनार वो?"

त्या दिवसापासून सिनेमावर विश्वास नसलेला हा माणूस एका सिनेमाची वाट बघू लागला. गुरवाला स्वतःसाठी देवाला प्रश्न विचारता येत नाही. कळ्या त्यानं लावायच्या, पण शब्द दुसऱ्याच्या तोंडून यायला हवेत. त्यासाठी त्यांनी मला निवडलं. मी म्हटलं, "माझा विश्वास नाही, मामा." ते म्हणाले, "म्हनून तर. तुमी देवाला भीड घालनार न्हाई." दरवर्षी तंबूचे खांब रोवले की मी नाथापुढे उभी राहून विचारायची, "यंदा पिक्चर येणार का?" तीन वर्षं डावी कळी पडली. गाव म्हणू लागलं, कंपनी बुडाली, पिक्चर डब्यात गेला. कुणी म्हणे त्यांच्या मशीनमध्ये फिल्मच नव्हती, नुसते फसवून गेले. मामा म्हणत, "आसंल. पर इचारायला काय जातंय?"

आणि मला जे ठाऊक होतं ते मी त्यांना सांगत नव्हते. त्या दिवशी सुट्टी काढून मीही ती खोटी जत्रा बघायला गेले होते. मशीन सुरू करण्याआधी कंपनीच्या माणसानं मामींना खांद्याला धरून वळवलं आणि पाठमोरं उभं केलं. मामी मान वळवून मला म्हणाल्या होत्या, "बगा बाई, येवडी नटून आले आन माजी पाटच घेत्यात!" सिनेमा आला असता तरी त्यात तोंड नव्हतं. मी भित्री होते. आज सांगू, उद्या सांगू करत वर्षं गेली.

चौथ्या वर्षी बैलगाडीवर तो फळा आला. जत्रेचंच चित्र, मागे तेच देऊळ. गावात कोणाचा विश्वास बसेना. मामांनी मला बोलावलं. कळ्या लावल्या आणि म्हणाले, "आवंदा येगळं इचारा. येनार हाय ते दिसतंयच. तिचं तोंड दिसंल का, त्ये इचारा." मी मनात म्हणत होते, नाथा, डावी पाड, म्हणजे मला काही सांगावं लागणार नाही. मी म्हणाले, "मामींचं तोंड..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. मी ती उचलली. ती ओलीचिंब होती. मामी गेल्यापासून मामा पहिल्यांदाच हसले. मला देवळातून बाहेर पळावंसं वाटलं.

दिवेलागणीनंतरच्या पहिल्या खेळाला माळावर गाड्यांना जागा उरली नाही. मामा देवाची दिवाबत्ती उरकून आले तोवर तंबू खचाखच भरला होता. मालकानं त्यांना पडद्याच्या मागच्या बाजूला नेऊन बसवलं, तिथे दोनचार धनगर आधीच टेकले होते. मी पुढे बायकांत. मध्यंतरानंतर ती जत्रा आली आणि तंबू उसळला. "आरं त्यो बग म्हादू!" "माजी आय, माजी आय!" मग गर्दी बाजूला झाली आणि हिरवं लुगडं दिसलं, अबोलीची वेणी दिसली. पाठ. दोन श्वास घेऊन होईपर्यंत ती पाठ तिथे होती. एवढ्या ओरड्यात त्या दोन श्वासांपुरता सगळा तंबू गप्प झाला. मी मान खाली घातली. खेळ सुटल्यावर मामांना गाठायचं धैर्य मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले. दाढी केली होती, धुतलेलं धोतर होतं. बाकावर बसून म्हणाले, "दिसली."

"हो मामा. लुगडं तेच होतं."

"लुगडं न्हवं, तोंड. तुमी म्होरं हुता, तुमास्नी पाट दिसली. मी मागं हुतो. माज्याकडं तोंड हुतं तिचं."

मामांची चूक मला लगेच कळली. पडद्याच्या पुढून जे दिसतं तेच मागून दिसतं, फक्त डाव्याचं उजवं होतं. पाठीचं तोंड होत नाही. आयुष्यात एकदाच सिनेमा बघणारा माणूस एवढं कुठून जाणणार? सांगावं की नाही, मी विचार करत होते. तेवढ्यात ते म्हणाले, "पर बाई, तिच्या भिवईवर ती पांडरी पट्टी कसली हुती?"

मी खुर्चीत बसले. जत्रेच्या त्या दिवशी वारं सुटलं होतं. कंपनीचा उजेड पाडायचा, चंदेरी कागद लावलेला एक फळा उडून मामींच्या भुवईवर लागला होता. माझ्या पिशवीत चिकटपट्टी होती, मी ती लावली. पट्टी मशीनमध्ये दिसेल म्हणूनच त्या माणसानं मामींना वळवलं. तिथून त्या थेट होडीत बसल्या. माहेरच्या कोणी मामांना पट्टीचं सांगितलं असेल, असं मी पुढे किती वेळा तरी स्वतःला बजावलं. पण मग चार वर्षांत ते एकदाही त्याबद्दल बोलले कसे नाहीत?

मी सगळं सांगून टाकलं. पट्टी, वळवणं, आणि मी चार वर्षं गप्प राहिले तेही. आता ते चिडतील, निदान उठून जातील, असं मला वाटलं. ते माझ्याकडे नीट बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "डोळ्यात पानी हुतं तिच्या."

मी टेबलावरच्या बाटल्या सरळ करत राहिले.

"सकाळी मी तोंड फिरवलं, त्यापायी रडली का वो ती?" आवाज अगदी बारीक झाला होता. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तुमी जवळ हुता. तुमास्नी ठावं आसंल."

मामी डोळे पुसत होत्या हे मला आठवत होतं. वाऱ्यानं धूळ गेली असेल असं मी तेव्हा समजले होते.

"नाही मामा," मी म्हणाले. "जखमेला टिंक्चर लावलं होतं. ते झोंबलं."

"माज्यापायी न्हवं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, बाकावरून उठले आणि बऱ्याच वर्षांनी ताठ चालत देवळाकडे निघून गेले. सिनेमाचा कौल त्यांनी पुन्हा कधी लावला नाही. मी मात्र खिडकीशी किती तरी वेळ उभी होते. त्या दिवशी माझ्या पिशवीत टिंक्चर नव्हतंच.